एक्झिट झिरोचे पाम

वाइल्डवूडला प्लॅस्टिकचे माड आहेत. न्यू जर्सीच्या पार दक्षिण टोकाकडचं हे बीचवालं गाव, तिथं १९५० आणि ६० च्या दशकात बांधलेली मोटेलं अजून उभी आहेत, निऑनचे बोर्ड, तिरकी छपरं, गुलाबी-आकाशी रेलिंगं, आणि स्विमिंग पूलच्या कडेनं ओळीत प्लॅस्टिकचे माड. त्यातलं १९५७ सालचं कॅरिबियन मोटेल तर नॅशनल रजिस्टरवर आहे, म्हणजे सरकारदरबारी वारसा म्हणून नोंदलेलं. मला ते प्लॅस्टिकचे माड मनापासून आवडतात, लोकांना दोन महिन्यांच्या उन्हाळ्यात काय हवं होतं ते त्यांच्याकडे बघून लगेच कळतं. पण मला लिहायचंय ते तिथून पंधरा-वीस मिनिटं खाली असलेल्या केप मेबद्दल, जिथं गार्डन स्टेट पार्कवे हा हायवे संपतो, एक्झिटचा नंबरच शून्य आहे, आणि जिथं लोकांच्या अंगणात जमिनीत लावलेले खरेखुरे पाम आहेत, बारा महिने, बर्फासकट.

मी मूळची केळशीची. आमची नारळी-पोफळीची वाडी, त्यामुळे झावळीचा आवाज, पावसाळ्यात धपकन पडलेला नारळ, दारात हीर सोलत बसलेली आजी, हे सगळं अंगातच आहे. इथं न्यू जर्सीत एडिसनला राहायला आल्यावर मात्र माड हा विषयच डोक्यातून गेला होता, कारण जिथं जानेवारीत गाडीचा दरवाजा गोठून उघडत नाही तिथं कोण कशाला माड शोधेल? मग एकदा केप मेच्या एका गल्लीत, निळ्या हायड्रेंजियांच्या मागे, गॅरेजच्या कोपऱ्याला पंख्यासारख्या पानांचं एक झाड दिसलं आणि मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. खोडाला तपकिरी केसाळ आवरण, उंची माणसाच्या दीडपट, कुंडी नाही, टेकू नाही, बुंध्याशी जुन्या पानांची देठं कापल्याच्या खुणा. हे झाड तिथं कित्येक हिवाळे काढून उभं होतं. त्या दिवसापासून मला हा नादच लागला. ऑक्टोबरात लोक दुर्बिणी घेऊन केप मेला ससाणे बघायला येतात, सगळ्यांच्या माना वर, आणि मी कुंपणांवरून अंगणात बघत चालते.

ते पहिलं झाड विंडमिल पाम. मूळचा चीनमधला, डोंगराळ भागातला, म्हणून थंडीची सवय. त्याच्या शास्त्रीय नावात रॉबर्ट फॉर्च्यूनचं नाव आहे, तोच स्कॉटिश माणूस ज्यानं १८४८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांसाठी आणली. जगात पामच्या साधारण २६०० जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या उष्ण भागातल्या, शून्याखाली गेलं की संपल्या. हा मात्र उणे १५ सेल्सियसच्या आसपासपर्यंत तग धरतो, मोठं झालेलं निरोगी झाड असेल तर. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या तिचिनो भागात तर तो बागांतून निसटून जंगलात इतका पसरलाय की २०२४ पासून तिथं त्याच्या विक्रीवर बंदी आहे. म्हणजे एकीकडे आम्ही एकेका झाडासाठी जीव टाकतोय आणि दुसरीकडे तो तण ठरलाय.

पुढे डोळा बसला तशा बाकीच्या जाती दिसायला लागल्या. नीडल पाम हा अमेरिकेचाच, जॉर्जिया-फ्लोरिडाकडच्या दलदलीच्या जंगलातला, झुडपासारखा वाढणारा, बुंध्याशी साळिंदरासारखे लांब काळे काटे. थंडी सोसण्यात हा सगळ्यांचा बाप, उणे २० पर्यंत जाऊन परत आलेली झाडं आहेत. आणि ड्वार्फ पाल्मेटो, ज्याचा मला सगळ्यात जास्त आदर वाटतो. त्याला वर खोडच दिसत नाही, खोड जमिनीखाली, कोंब जमिनीखाली, वर फक्त पानांचे पंखे. पानं करपली तरी जीव खाली मातीत सुरक्षित. नॉर्थ कॅरोलिनाच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंत तो आपला आपण जंगलात उगवतो, म्हणजे केप मेपासून जेमतेम तीन अंश अक्षांश खाली. तेव्हा केप मेच्या अंगणातला ड्वार्फ पाल्मेटो अगदी परका म्हणता येणार नाही, शेजारच्या आळीतून आलेलाच आहे.

फसवणारी झाडं पण खूप. लांबून पाम वाटतो आणि जवळ गेलं की युका निघतो, तलवारीसारखी पानं, मधून पांढऱ्या फुलांचा दांडा. काही घरांत जपानी केळ असते, ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते आणि मे महिन्यात पुन्हा फुटते. आणि वाळूच्या टेकाडांवर चक्क निवडुंग! तो कोणी लावलेला नाही, तो इथलाच आहे, जून महिन्यात पिवळीधमक फुलं येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला विश्वासच बसला नव्हता की न्यू जर्सीचा स्वतःचा निवडुंग असतो.

आता केप मेच का, एडिसन का नाही, तर उत्तर पाण्यात आहे. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. केप मे म्हणजे एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला डेलावेअरचा उपसागर यांच्यामध्ये घुसलेली जमिनीची जीभ. हिवाळ्यातली खरी जीवघेणी थंडी येते ती वायव्येकडून, कॅनडाच्या बाजूनं, आणि केप मेला पोचण्याआधी त्या वाऱ्याला उपसागरावरून यावं लागतं. फेब्रुवारीतही ते पाणी बहुतेक गोठणबिंदूच्या वर असतं, तेवढीच ऊब वाऱ्याला लागते. याउलट मधल्या पाइन बॅरन्सच्या जंगलात कोरडी वाळूची जमीन, वारा पडलेल्या निरभ्र रात्री ती सगळी उष्णता आकाशात सोडून देते आणि पारा धाडकन खाली. हे मी कोणाकडून ऐकून सांगत नाही, हिवाळ्याच्या संध्याकाळी पार्कवेवरून खाली जाताना गाडीच्या थर्मामीटरकडे बघत राहा, जंगलातून जाताना आकडा उतरत जातो आणि टोकाला पोचेपर्यंत पुन्हा पाच-सात फॅरनहाइटनी वर आलेला असतो. पामसाठी तेवढा फरक म्हणजे जगणं आणि मरणं.

पण गावातसुद्धा सगळीकडे पाम जगत नाही, आणि मला या नादातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हीच. पाम दिसला की मी आता आधी तो कुठं उभा आहे ते बघते. बहुतेक वेळा घराच्या दक्षिणेला किंवा आग्नेयेला, म्हणजे वायव्य वाऱ्याकडे घराची पाठ आणि झाड घराच्या कुशीत. इथं हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे इतका खाली असतो की दक्षिणेची भिंत दिवसभर शेकत राहते, आणि रात्री ती ऊब थोडी थोडी सोडते. काळा डांबरी ड्राइव्हवे असेल तर अजून चांगलं. छपराचं पाणी झाडाच्या डोक्यावर पडत नसेल तर फारच चांगलं, कारण शेंड्यात पाणी साचून गोठलं की घात. म्हणजे ज्यानं तो पाम लावलाय त्यानं आपलं अंगण नीट बघितलंय, वारा कुठून येतो, बर्फ कुठं आधी वितळतं, संध्याकाळचं शेवटचं ऊन कुठल्या कोपऱ्यात पडतं. रस्त्यावरून जाताना मला ते झाड म्हणजे त्या माणसानं आपल्या घराकडे किती वर्षं टक लावून बघितलंय त्याची नोंदच वाटते.

अण्णा, माझे वडील, आले ते २०२३ च्या मे महिन्यात, सहा महिन्यांसाठी. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं होतं, श्रीवर्धन-दिवेआगरला जमिनीवर आलं आणि केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, सगळी वाड्यांची गावं एका दुपारी झोपवून गेलं. आमच्या वाडीतल्या पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या कराव्यात तशा आडव्या आणि आजोबांच्या हातचे माड मधूनच मोडलेले. पुन्हा लावलेल्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढे. ते वादळाबद्दल बोलत नसत. इथं आल्यावर सुद्धा पहिला महिनाभर कंटाळलेलेच होते, चालायला गेले की मॉलच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारून परत. मग मी त्यांना केप मेला घेऊन गेले.

त्या गॅरेजच्या कोपऱ्यावरच्या झाडाच्या मालकीणबाईंशी तोपर्यंत माझी ओळख झाली होती, रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला मोकळ्या. अण्णांनी झाडाजवळ जाऊन सगळ्यात आधी खोडाचं केसाळ आवरण बोटांत धरून ओढून बघितलं. "हा काथ्याच आहे की गं," म्हणाले. आणि खरंच आहे, चीन-जपानमध्ये त्याच धाग्याचे दोर, झाडू, पावसात पांघरायचे झगे करायचे. मग त्यांनी मान वर करून मधली सुरळी बघितली, म्हणजे अजून न उघडलेलं पान. माडवाले लोक आधी तिथंच बघतात, कारण माडाला एकच कोंब, त्याला फांदी फुटत नाही, कोंब गेला की झाड गेलं. आणि मग एका उघडलेल्या पानाकडे बोट दाखवून विचारलं, "इथं भुंगा आहे काय?"

मी नीट बघितलं तर त्या पानाच्या पंख्यावर अर्ध्या उंचीला एक तपकिरी पट्टा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जवळजवळ पट्टीनं ओढल्यासारखा सरळ, त्याच्या वरही हिरवं आणि खालीही हिरवं. आमच्याकडे गेंड्या भुंगा सुरळीत शिरून मिटलेलं पान कुरतडतो, तेव्हा काहीच दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी झावळी उघडली की तिच्यावर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी कट दिसतात. अण्णांना ते माहीत होतं म्हणूनच त्यांनी विचारलं. बाईंना मी भाषांतर करून सांगितलं तर त्या एकदम खूश झाल्या, म्हणाल्या की भुंगा नाही, डिसेंबर आहे. २०२२ च्या नाताळच्या दोन दिवस आधी इथं पारा काही तासांत कोसळला होता, तेव्हा हे पान सुरळीत मिटलेलं होतं, त्याचा जेवढा भाग तेव्हा बाहेर डोकावत होता त्याच्या काठाला थंडी लागली, आणि वसंतात पान वर सरकून उघडलं तेव्हा तो पट्टा दिसला. अण्णा बराच वेळ त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पुढचा तासभर मला मध्ये बोलायची फारशी गरज पडली नाही, एक जण पान दाखवायचा, दुसरा मान हलवायचा.

बाईंनी जानेवारी २०१८ ची गोष्ट सांगितली. नाताळनंतर सुरू झालेली थंडी जवळजवळ दोन आठवडे हललीच नाही, त्यात ४ जानेवारीला समुद्रावरून हिमवादळ. पामला एका रात्रीची उणे १२ परवडते, पण दिवसासुद्धा शून्याच्या वर न येणं परवडत नाही, खोड आतपर्यंत गारठतं. त्यांनी खोडाभोवती जुन्या पद्धतीच्या नाताळच्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या, जुनेच हवेत कारण ते तापतात, एलईडीला ऊब नसते, आणि वरून कापड. मार्चमध्ये त्यांनी मधली सुरळी हलकेच ओढली तर ती हातात आली, बुडाशी कुजलेली, घाण वास. बहुतेक जण तिथं झाड कापून टाकतात. त्यांनी शेंड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, मग तांब्याचं बुरशीनाशक, आणि वाट बघितली. जून संपता संपता मधून एक वाकडंतिकडं, अर्धवट पान आलं. अण्णा म्हणाले, आम्ही पण मोरचूद आणि चुना घालतो, बोर्डो मिश्रण. त्या झाडाच्या खोडावर आजही एका उंचीला बारीक कंबर आहे, ते २०१८. माडाचं खोड एकदा झालं की झालं, वडा-आंब्यासारखं नंतर जाड होत नाही, वाईट वर्ष तिथंच राहतं.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून मला पुढे जायचं नाही. अमेरिकेच्या शेतीखात्यानं २०२३ मध्ये थंडीचा नवा नकाशा काढला, कुठल्या भागात वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती थंड असते त्याचा, आणि २०१२ च्या नकाशापेक्षा देशाचा जवळजवळ निम्मा भाग अर्ध्या पायरीनं उबदार निघाला. पामवाल्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्याच किनाऱ्यावर अटलांटिक सिटीचा भरती-ओहोटी मोजणारा गेज १९११ पासून समुद्र वर्षाला साधारण ४ मिलिमीटरनं चढताना दाखवतोय, काही प्रमाणात जमीनच खचतेय म्हणून आणि काही प्रमाणात समुद्र वाढतोय म्हणून. ज्या गल्ल्यांत मी पाम शोधते त्यातल्या काहींमध्ये पौर्णिमेच्या भरतीला, पाऊस नसताना, गटारातून पाणी वर येतं. ज्या कारणानं झाड जगतंय त्याच कारणानं त्याच्या मुळाशी खारं पाणी येणार असेल तर मी कशाला आनंद मानायचा, हे मला अजून सुटलेलं नाही.

ऑक्टोबरात अण्णांना परत जायचं होतं, त्याआधी आम्ही किनाऱ्यावर एक चक्कर मारली. या भागातले बीच बार दर मे महिन्यात फ्लोरिडाहून ट्रकनं नारळाची झाडं मागवतात, वाळूत पुरतात, उन्हाळाभर त्यांच्याखाली दारू विकतात, आणि सीझन संपला की टाकून देतात, कारण परत न्यायला जास्त खर्च येतो आणि नारळ हा शून्याजवळसुद्धा टिकत नाही. एका बारच्या मागे अशी चार-पाच झाडं कचऱ्याच्या कंटेनरशेजारी आडवी टाकलेली होती. मुळांचा गोळा अजून ओला, एकाला तर पोय आलेली, उमलायच्या बेतातली. अण्णा थांबले. म्हणाले, "वादळानं पाडलं तर समजू शकतो." एवढंच. निसर्ग वादळाबद्दल त्या सहा महिन्यांत ते बोललेले मला आठवतं ते एवढंच वाक्य. मला या प्रकाराचा राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. शोभेसाठी झाड हवं असेल तर वाइल्डवूडवाल्यांचं प्लॅस्टिक शंभरपट प्रामाणिक आहे, आणि खरं हवं असेल तर दोनशे पावलांवर ते कसं जगवायचं हे माहीत असलेली माणसं राहतात, त्यांना जाऊन विचारा.

निघायच्या आधी बाईंकडे गेलो तर अण्णांनाच पहिल्यांदा दिसलं. झाडाखाली, पालापाचोळ्यात, गवताच्या जाड पातीसारखी दिसणारी हिरवी पानं. पामचं बाळपान असंच असतं, सरळ, दुमडलेलं, पंखा नंतर होतो. विंडमिल पाममध्ये ताडासारखी नर-मादी झाडं वेगळी. बाईंच्या झाडाला दरवर्षी निळसर-काळी फळं धरायची, म्हणजे ते मादी. पण बी रुजतंय म्हणजे परागकण कुठून तरी येतायत, म्हणजे जवळपास कुठंतरी नर आहे, आणि बाईंना इतक्या वर्षांत तो माहीत नव्हता! मग आम्ही तिघं गल्ली-गल्ली फिरलो. ऑक्टोबरात फुलं नसतात, पण नराच्या तुऱ्यांचे वाळलेले, फळं नसलेले दांडे पानांत अडकून राहतात, अण्णांनी तेच शोधायला सांगितलं. सापडला तो मागच्या रस्त्यावर, भाड्यानं देतात त्या एका घराच्या मागच्या अंगणात, आउटडोर शॉवरच्या लाकडी आडोशाला, रस्त्यावरून फक्त शेंडा दिसतो. शॉवरच्या पाण्यावर आणि आडोशाच्या उबेवर वाढलेला, कोणी मुद्दाम काळजी घेतल्याची काही खूण नाही.

रोपांचं काय करायचं यावर दोघांचं पटलं नाही. अण्णांचं म्हणणं, पहिली दोन-तीन वर्षं रोप नाजूक असतं, झाकायलाच हवं, एकेक वाचवायला हवं. बाई म्हणाल्या, मोठ्या झाडाला मी दिवे लावते कारण ते दुसरीकडून आणून मी इथं लावलं, पण ही इथं रुजलेली आहेत, यांना मी झाकणार नाही, जी राहतील ती केप मेची. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं भाषांतर करत होते आणि मला दोन्ही पटत होतं. अण्णा शेवटपर्यंत तयार झाले नाहीत, एअरपोर्टवरही तेच, "तिला सांग, निदान पाचोळा तरी जाड टाक म्हणावं." पाचोळ्यावर तडजोड झाली.

हिवाळ्यात आता केळशीहून फोन येतो तेव्हा माझी चौकशी दुसऱ्या नंबरवर असते, आधी केप मेला किती डिग्री. पहिल्या हिवाळ्यानंतर मार्चमध्ये जाऊन मी बघून आले, लॉनच्या बाजूची सगळी गेली, भिंतीलगतची बहुतेक राहिली, आणि भिंतीपासून लांब, कुंपणाच्या उघड्या कोपऱ्यात, जिथं वायव्येचा वारा सरळ लागतो तिथं एक राहिलंय, टोकाला करपलेलं पण बुडाशी हिरवं. ते तिथं का राहिलं हे बाईंना सांगता येत नाही आणि मलाही. अण्णांनी फोटो मागवून घेतला, मोठा करून बघितला, आणि म्हणाले की बी याचंच धरायचं, वीस वर्षं लागली तरी.